डावीकडची सीट

काकांच्या गाडीत मागच्या सीटवर वाळूच्या तीन गोणी बसलेल्या असत. ठेवलेल्या नव्हे, बसलेल्या. प्रत्येकीला पट्टा लावलेला. आचऱ्याच्या बँकेत मला नोकरी लागली आणि काकांच्या घरातली माडीवरची खोली मी भाड्याने घेतली, त्या दिवशी ते मला स्टँडवर न्यायला आले होते. मी दोन बॅगा घेऊन उभी. आणि हा उंच, थोडा वाकलेला, अनवाणी माणूस एका गोणीचा पट्टा सोडवून तिला झोपलेल्या मुलासारखी उचलून बाहेर काढत होता. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या बॅगांकडे पाहिलं.

“बॅगेत पुस्तका आसत?”

“हो.”

“मगे आणखी एक उतरूक होयी.”

दोन्ही गोणी चहाच्या टपरीमागे उभ्या राहिल्या. टपरीवाल्याने मान वरसुद्धा केली नाही.

काका तरुणपणी रेसमध्ये गाड्या चालवत. पुढे निवृत्त होईपर्यंत ते पुण्याकडच्या एका मोटार कंपनीत टेस्ट ड्रायव्हर होते. नवी गाडी बाजारात येण्याआधी महिनोन्महिने चालवायची, वाळवंटात, बर्फात, घाटात, आणि ती काय करते ते लिहून द्यायचं, असं ते काम. अशा गाडीत माणसांच्या जागी वाळूची पोती घालतात, म्हणजे भरल्या गाडीचं वजन होतं. इतकी वर्षं पोत्यांबरोबर प्रवास केल्यावर काकांना रिकामी गाडी सहन होत नसे. “रिकामी गाडी खोटा बोलता,” ते म्हणत.

काकींचं मत वेगळं होतं. “हो माणूस माझ्या जाग्यार गोण बसयता,” त्या मला पहिल्याच संध्याकाळी म्हणाल्या. “तिका पट्टो लावता. माका कधी लावल्यान?”

गावाला त्यांचं काम शेवटपर्यंत नीट कळलं नाही. टपरीवाला सगळ्यांदेखत विचारायचा, “काय वो काका, इतकी वर्षा टेस्ट दिल्यात, पास झाल्यात की नाय?” काका चहा संपवून गंभीरपणे सांगत, “अजून निकाल लागूक नाय.” रेसवाला माणूस म्हणून सुरुवातीला पोरं त्यांच्या गाडीच्या मागे बाइक घेऊन फिरली, पण काका इतकी हळू चालवत की आठवड्याभरात ती कंटाळली. मासे घेऊन जाणाऱ्या स्कूटरसुद्धा त्यांना मागे टाकत. काका त्यांना हात दाखवून वाट देत. घाई झालेल्या माणसाबद्दल त्यांना कीव होती, राग नव्हता.

मला एक गोष्ट लवकर लक्षात आली. घरात, बाजारात, मासे घेताना ते मालवणीत बोलत. पण गाडीचा विषय निघाला की भाषा बदलायची. आवाज खाली यायचा, वाक्यं आखडायची आणि पुस्तकातल्यासारखी मराठी सुरू व्हायची. जणू ते अजून कोणाच्या तरी टेबलासमोर उभे होते.

आणि त्यांचा एक प्रश्न होता. गाडीतून कोणीही उतरलं की ते विचारत, “रिपोर्ट?”

लोक म्हणत, “बरी आसा गाडी.” काकांचा चेहरा पडायचा. एकदा मी उतरताना ते नेहमीप्रमाणे विचारून बसले आणि मी, कशी कोण जाणे, म्हणाले, “पुलाच्या अलीकडे खड्ड्यातून गेलो तेव्हा माझ्या बाजूच्या दारातून दोनदा आवाज आला. नंतर नाही आला.”

ते दार धरून तसेच उभे राहिले. मग मालवणी सोडून म्हणाले, “बरोबर. काय वाटलं ते नको, काय झालं ते सांगायचं. तुला कोणी शिकवलं?”

कोणीच नाही. मी लहानपणापासून बोलण्यापेक्षा बघतच आले. शाळेत इंग्रजीत, घरी मराठीत, दोन्हीकडे मी गप्प. बँकेत काउंटरवर म्हाताऱ्या बायका काचेला कान लावून म्हणत, “बाय, वायच मोठ्यान बोल.” मला काय वाटतं हे कोणी विचारलं की माझ्या घशाशी दार लागायचं. पण काय झालं, एवढंच सांगायचं असेल तर मला बोलता येत होतं. काकांच्या अंगणात मला पहिल्यांदा माझ्या मापाचं बोलणं मिळालं. त्यानंतर रोज संध्याकाळी बँकेतून आले की ते पायरीवरूनच विचारत आणि मी दिवसाचा रिपोर्ट देई. साहेबांनी पंखा दोनदा बंद केला. एका आजोबांनी सही करताना डोळे मिटून घेतले. काका मान डोलवत ऐकत.

रेसबद्दल ते फार कमी बोलत. स्वयंपाकघरात फळीवर एक चांदीचा कप होता, त्यात काकी आमसुलं ठेवत. “झाकण बरा बसता तेचा,” एवढाच त्या कपाचा इतिहास मला त्यांच्याकडून कळला. काकांनी एकदाच सांगितलं. मद्रासच्या बाजूला एक जुनी विमानांची धावपट्टी होती, तिच्यावर शर्यती होत. कडेला गवत जळत असे, कुत्री आडवी येत. गाडी मालकाची, हात यांचे. “पहिली काही मिनिटं कानात नुसता गोंगाट असतो,” ते म्हणाले. “मग आवाज जातो. जातो म्हणजे जातोच. तू खूप उंचावर बसली आहेस आणि खाली कोणाचे तरी हात गाडी वळवतायत, असं दिसतं. ते हात आपलेच. मला त्यासाठीच जायचं असायचं. पहिला नंबर वगैरे नंतरचं.” मग भानावर येऊन पुटपुटले, “हे काय वाटलं ते झालं. रिपोर्टात चालायचं नाही.”

ती धावपट्टी त्यांच्यात कुठेतरी अजून होती. दुपारी जेवणाआधी ते फणसाखाली उभ्या केलेल्या गाडीत जाऊन बसत. इंजिन बंद, काचा खाली, डोळे मिटलेले, हात स्टिअरिंगवर. एका रविवारी काकींनी मला जेवायला बोलवायला पाठवलं आणि मागून हाक मारली, “एकदम दार उघडू नको गो. आधी बघ, वळणार आसतले.”

मी फणसाच्या सावलीत थांबले. काकांचे हात हलत होते. डावा वर, उजवा खाली, थोडं थांबून परत. उघडा पाय पेडलवर हळूच दबायचा, सुटायचा. पानांमधून उन्हाचे ठिपके त्यांच्या हातांवरून सरकत होते, त्यामुळे उभी गाडी खरंच कुठेतरी जाते आहे असं वाटत होतं. कुठून तरी सुक्या मासळीचा वास येत होता. मी किती वेळ उभी होते सांगता येणार नाही. मग त्यांचे खांदे सैल झाले. डोळे न उघडता ते म्हणाले, “शेवटचं वळण राहिलं होतं. चल.”

“झोपेत पण पाय दाबतत,” काकी वाढता वाढता म्हणाल्या. “रातभर खंय जातत देवाक म्हायत. सकाळी दमान उठतत, आणि चाय माझ्याकडे मागतत.”

मला गाडी शिकवायचं त्यांनी स्वतःच ठरवलं. भात कापून झालेल्या मोकळ्या मळ्यात, चप्पल काढायला लावून. “तळव्याला कळतं ते बुटाला कळत नाही.” मी फार वाईट चालवायचे. गाडी उड्या मारायची, बंद पडायची, गोणी पट्ट्यात हिसके खायच्या. काका खूश. मी माफी मागितली तर म्हणाले, “नको. तुझ्यासारखी माणसं मला तेव्हा मिळायला हवी होती.”

आणि मग बांधावर बसून त्यांनी ती गोष्ट सांगितली. नोकरीत असताना एका नव्या गाडीच्या ते प्रेमात पडले होते. ओल्या रस्त्यावर, वळणावर, त्या गाडीचा मागचा भाग किंचित बाहेर सरकायचा. काकांना ते कळलंच नाही, कारण सरकायच्या आत त्यांचे हात तिला सावरून घेत. डोक्याला बातमी पोचायच्या आधी काम झालेलं असायचं. त्यांनी लिहून दिलं, दोष नाही. दुसऱ्या आठवड्यात नव्याने लागलेला एक मुलगा तीच गाडी पावसात घेऊन गेला आणि वळणावरून सरळ शेतात उतरला. त्याचा पाय मोडला, आणि पुढे तो लंगडतच चालला.

“चांगल्या ड्रायव्हरमध्ये हा एक धोका असतो,” काका म्हणाले. “गाडीचा दोष त्याचे हात झाकून टाकतात. तो खोटं बोलत नाही. त्याला माहीतच नसतं.”

त्यानंतर ते हट्टाने सांगत की आपल्यानंतर एखाद्या कच्च्या माणसाला त्याच गाडीत बसवा, आणि त्याला विचारा. कंपनीत हसत असत म्हणे.

माझं लायसन्स आलं त्याच सुमाराला गावातल्या लोकांनी काकांबद्दल कुरकुर सुरू केली. रस्त्याच्या कडेला उभं राहून हात केला तरी ते बघत नाहीत. “टेस्टवाले आताशा वळख देणत नाय,” टपरीवाला मला म्हणाला. “म्होटे झाले.” त्यानंतर काकांच्या शेजारी बसले की मी रस्ता बघायचं सोडून त्यांना बघू लागले.

शाळेच्या अलीकडे रस्त्यावर एक गतिरोधक होता. मागच्या महिन्यात रस्ता नवा केला तेव्हा तो खरवडून टाकला होता. आता तिथे काळा, गुळगुळीत, सपाट डांबर. काकांनी तिथे ब्रेक दाबला. अगदी मऊ, त्यांच्या नेहमीच्या पद्धतीने. गाडी मंदावली, त्यांचं अंग उसळीसाठी किंचित वर झालं, आणि उसळी आलीच नाही. मला वाटलं, कुत्रं आडवं आलं असेल. परत येताना पुन्हा तेच. पुढच्या शनिवारीही तेच.

त्याच दिवसांत बंगळूरहून त्यांच्या मुलीचा फोन आला होता. सुट्टीत ती आपल्या लहान मुलीला घेऊन येणार होती. काकांनी जाहीर केलं की नातीला ते स्वतः आंबोलीला नेणार, घाटातून, धुक्यातून, धबधब्यापर्यंत. येईल त्याला सांगत. टपरीवर सांगितलं, बँकेत येऊन आमच्या शिपायाला सांगितलं. नातीच्या वजनाएवढी छोटी गोण शिवून झाली. तिला मधल्या सीटवर बसवून ते एकदा मालवणला जाऊनही आले.

मी दोन दिवस बँकेत नोटा मोजताना चुकले. आंबोलीचा घाट, धुकं, एका बाजूला दरी, आणि मधल्या सीटवर एक मूल. न राहवून मी स्वयंपाकघरात गेले. काकी बांगडे साफ करत होत्या.

“काकी, काकांच्या डोळ्यांबद्दल...”

त्यांनी सुरी थांबवली, पण वर बघितलं नाही. “माका सांगू नको. तेंका सांग.”

“तुम्ही बोललात तर बरं नाही का?”

“माझा ते आयकूचे नाय. म्हणतले, तुका काय वाटला ता नाका.” मग हात धुता धुता, एकदम हळू आवाजात, “गाडी गेली तर ह्यांचा काय उरतला गो? दिसभर माझ्या तोंडाकडे बघीत बसतले. तेंचे पण हाल, माझे पण.” त्या हसल्या, पण पदराने कपाळ पुसायला लागल्या, आणि कपाळावर घाम नव्हता.

त्या संध्याकाळी आम्ही बाजारातून परत आलो. अंगणात गाडी लागली. मी उतरले. काकांनी नेहमीप्रमाणे विचारलं, “रिपोर्ट?”

“शाळेच्या अलीकडे तुम्ही ब्रेक दाबलात,” मी म्हणाले. “तिथे गतिरोधक नाही. मागच्या महिन्यात काढला. गेल्या तीन खेपांत तुम्ही दर वेळी तिथे ब्रेक दाबला. आज मारुतीच्या वळणावर एका माणसाने डाव्या बाजूने हात केला. तुम्ही मान वळवली नाही.”

काकांनी गाडीच्या छतावर हात ठेवला.

“पुन्हा सांग.”

मी पुन्हा सांगितलं. त्यांनी वेग विचारला. ऊन समोरून होतं का, विचारलं. ब्रेकनंतर आपण आरशात बघितलं का, तेही विचारलं. मी जेवढं पाहिलं होतं तेवढं सांगितलं. मग छतावरचा हात काढून ते म्हणाले, “तुला काय वाटतं?”

हे त्यांनी मला कधी विचारलं नव्हतं. कोणालाच विचारत नसत. माझ्या घशाशी ते जुनं दार आलं. मी ते ढकललं.

“मला वाटतं, तुम्हाला रस्ता दिसत नाही. आठवतो.”

काका आत गेले. जेवायला आले नाहीत. मी माडीवर बसून राहिले आणि आता खोली सोडावी लागणार असं धरून चालले.

सकाळी, उजाडता उजाडता, त्यांनी खालून हाक मारली. “गो बाय, खाली ये. माका न्हेऊन सोड खंय तरी. जो रस्तो मी बघूक नाय असो.”

गावापासून आत, काजूच्या बागांमधून एक रस्ता नुकताच झाला होता. कर्जासाठी तारण द्यायची जागा बघायला बँकेतर्फे मी एकदा तिकडे गेले होते. मी गाडी चालवत तिथपर्यंत नेली. रस्ता जिथे सुरू होत होता तिथे मी थांबले, आम्ही जागा बदलल्या. काजूच्या पानांवर दव होतं आणि झाडांमधून धूर की धुकं कळू नये असं काहीतरी जमिनीलगत तरंगत होतं.

काकांनी गाडी सुरू केली. त्यांचे हात मी फणसाखाली पाहिले होते, मळ्यात पाहिले होते, पण असे कधी पाहिले नव्हते. ते चाचपडत होते. पहिल्या वळणाला उशीर झाला. दुसऱ्या वळणावर गाडी कडेच्या खडीवर गेली, परत आली. ते चालण्याच्या वेगावर आले. पुढे डाव्या कडेने डोक्यावर लाकडांचा भारा घेतलेली एक बाई चालली होती, हिरवं लुगडं, लांबून दिसत होती. गाडी तिच्याकडे सरकत राहिली.

“काका, डावीकडे!”

गाडी थांबली. भाऱ्याचं टोक आरशाला घासून गेलं. बाई गर्रकन वळली.

“काय वो! डोळे घराक ठेवन इलास काय?”

“होय गो बाय,” काका म्हणाले. “तसाच झाला.”

तिने अजून काही म्हणायला तोंड उघडलं होतं. पण त्यांचा चेहरा बघून ती भारा सावरत पुढे गेली.

काकांनी चावी फिरवली. उतरले. बॉनेटवर हात टेकत टेकत गाडीला वळसा घालून माझ्या बाजूला आले आणि माझ्या दारापाशी उभे राहिले. मग त्या दुसऱ्या, टेबलासमोरच्या आवाजात म्हणाले, “गाडीत दोष नाही. चालकाला रस्त्यावर सोडू नये.”

मी उतरून उजवीकडे गेले. ते डावीकडे बसले, पट्टा लावायला त्यांना जरा वेळ लागला, कारण तो त्यांना सवय नसलेल्या बाजूला होता. “चल,” ते म्हणाले. “काकी वाट बघीत आसतली.”

पुढच्या आठवड्यात आम्ही तिघं मालवणला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. काचबिंदू, बरीच वर्षं असावा, डॉक्टर म्हणाले. कडेचं गेलेलं परत येत नाही, समोरचं आहे ते औषधाने टिकवायचं. काकांनी एखाद्या इंजिनाबद्दल ऐकावं तसं सगळं ऐकून घेतलं. आंबोलीला नातीला एसटीने न्यायचं ठरलं होतं. काका म्हणाले, “एसटीचो ड्रायव्हर बरो आसतलो तर बरा.” काकी म्हणाल्या, “नसलो तर तुमी वायच गप बसा.”

परतताना मी चालवत होते, काका शेजारी, काकी मागे, मांडीवर औषधांची पिशवी. कोळंबचा पूल मागे पडला. माझा गिअर चुकला. आता काकांना करायला काही नव्हतं. आधी हात मांडीवर ठेवून बघितले, मग दारावर. मग त्यांनी मान पूर्ण डावीकडे वळवली आणि तशीच ठेवली.

रस्त्याच्या त्या भागात दोन माडबागांच्या मधे एक पडीक जागा आहे. तिथून दोन-चार क्षणच, उतरत्या उन्हात, सगळा समुद्र एकदम उघडा पडतो.

“थांबव, थांबव.”

मी कडेला घेतली. काकांनी काच खाली केली. खूप लांबवर एक होडी जागच्या जागी असल्यासारखी होती.

“अगो,” ते म्हणाले, “हंयसून दर्यो दिसता?”

मागून काकी म्हणाल्या, “आता दिसलो? मी दर खेपेक बघतंय.”

“मगे सांगलंस कित्याक नाय?”

“कधी सांगतलंय? तुमी गाडी चलयत होतास.”

काका तरीही वळले नाहीत. मागून एक टेम्पो हॉर्न देत आला, मी हात बाहेर काढून त्याला पुढे जाऊ दिलं. मग काकी पिशवी बाजूला ठेवून पुढे सरकल्या, त्यांनी काकांच्या सीटच्या पाठीवर हनुवटी टेकली आणि बोट लांब करून दाखवलं, “तसा नाय, अजून वायच डावीकडे. थंय बघा. थंय खडक आसा, लाट फुटता ती दिसता?”

“खंय?”

“मान वळवा आणखी.”

काकांनी मान आणखी वळवली. मी इंजिन बंद केलं.